पावसाळ्यात कानाचं मशीन दुपारी बंद, सकाळी पुन्हा चालू: काय तपासावं?

पागोळी_लांजा
बाबा ७८ वर्षांचे. दोन्ही कानांना कानामागचं, मोल्डवालं (कानात बसणारा मापाचा साचा असलेलं) मशीन आहे, सेल १३ नंबरचा. जून लागल्यापासून उजवं मशीन सकाळी नीट चालतं, अकराच्या सुमारास आवाज बारीक होतो आणि मग साफ बंद. रात्री काढून ठेवलं की सकाळी पुन्हा सुरू. सेल दोनदा बदलला, फरक नाही. डावं चालतं, पण जेवताना शिट्टी मारतं. दुकानदार म्हणतो कंपनीत पाठवू, तीन आठवडे लागतील. त्याआधी घरी काय बघता येईल?

कर्णफूल
पाठवू नका, आधी मशीन आणि मोल्ड जोडणारी नळी बघा. रात्री आपोआप बरं होणारं मशीन बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं, ओलं झालेलं असतं. कानातली ऊबदार, दमट हवा मोल्डमधून नळीत चढते, बाहेरच्या भागात गार होते आणि तिथे पाण्याचा थेंब धरतो. नळीचं आतलं भोक जेमतेम २ मिलिमीटर. एक थेंब आडवा बसला की आवाज पोचत नाही.

आता बंद पडेल तेव्हा हे करा. मशीन काढा, नळी उजेडात धरून थेंब दिसतो का बघा. मग एका हाताने हूक धरा (मशीनच्या टोकाचा वाकडा भाग) आणि दुसऱ्या हाताने नळी हुकापासून पिळत सोडवा. मोल्डला धरून ओढायचं नाही, नळी मोल्डमधून उपटून येते. नुसतं मशीन चालू करून मुठीत धरा. शिट्टी आली तर मशीन जिवंत आहे, दोष नळीत किंवा मोल्डमध्ये. शिट्टी नाहीच आली तर सेल, सेलचे संपर्कबिंदू किंवा मशीन. मात्र काही नव्या डिजिटल मशीनमध्ये शिट्टी आपोआप दाबून टाकायची सोय असते, तिथे ही परीक्षा फसते. मग स्टेथोस्कोपसारखी ऐकायची नळी लावून स्वतः ऐका, आणि आवाज आधी कमी करून ठेवा. बाबांचं मशीन तुमच्या कानाला दणका देईल.

थेंब असेल तर रबरी फुग्याच्या ब्लोअरने मोल्डची सोडवलेली नळी फुंकून काढा. तोंडाने फुंकू नका, श्वासात पुन्हा वाफच असते.

जस्तहवा
नळी हा पहिला संशयित, मान्य. पण "सेल दोनदा बदलला" यावर एवढा भरवसा नको. हे झिंक-एअर सेल आहेत, बारीक छिद्रातून हवा आत गेल्याशिवाय चालत नाहीत. १३ नंबरला नारिंगी पट्टी असते. ती काढल्यावर सेल लगेच घालू नका, चार-पाच मिनिटं उघडा ठेवा आणि मगच बसवा. पट्टी पुन्हा चिकटवून सेल वाचवता येत नाही, एकदा हवा लागली की तो झिजतच राहतो. घाम किंवा पाणी छिद्रावर साचलं तरी मशीन बंद पडतं, म्हणून पावसात सेलचं दारही उघडून पुसून घ्या.

मल्टिमीटरवर १.३ व्होल्ट दिसले म्हणून सेल चांगला समजू नका. भार नसताना संपत आलेला सेलही बरा आकडा दाखवतो. सोपा उपाय: डावीकडचा चालता सेल उजवीकडे घालून बघा.

तिसरी_घंटा
डाव्या शिट्टीबद्दल. जेवताना जबडा हलतो, कानाच्या वाटेचा आकार बदलतो आणि सैल मोल्डमधून आवाज गळून माईकपर्यंत येतो. शिट्टी चालू असताना मोल्ड बोटाने हलका दाबा. थांबली तर मोल्ड सैल आहे, नवा माप घेऊन करावा लागेल. थांबली नाही तर नळी काढून हुकाच्या तोंडावर बोट घट्ट ठेवा. गप्प झालं तर नळीला चीर असेल, हुकाजवळच्या वळणात निरखून बघा. तरीही वाजत राहिलं तर दोष हुकात किंवा आत आहे, ते मात्र दुकानाचं काम.

आणि कानात मळ भरलेला असला तरी शिट्टी येते. तो बड्सनी उकरू नका, आणखी आत जातो. कानाच्या डॉक्टरांकडून काढून घ्या. आवाज कमी ठेवून शिट्टी लपवणं म्हणजे बाबांना ऐकू येणं बंद करणं.

एक वेगळी गोष्ट: मशीन तुमच्या तपासणीत ठणठणीत निघालं आणि तरी बाबांना एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मशीनच्या मागे दिवस घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, अशा बहिरेपणावरचे उपचार लवकर सुरू व्हावे लागतात.

पागोळी_लांजा
थेंब दिसला! हुकापासून अर्ध्या इंचावर. फुंकल्यावर लगेच चालू झालं. आता रोज सुकवायचं कसं? हेअर ड्रायर चालेल की तांदळाच्या डब्यात ठेवू?

कर्णफूल
दोन्ही नको. ड्रायरच्या उष्णतेने आतले भाग बिघडतात, तांदळाची पूड माईकच्या भोकांत जाते. झाकण घट्ट बसेल असा डबा घ्या, त्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे). रात्री सेल काढून बाहेर ठेवा, मशीनचं सेलदार उघडं ठेवून ते डब्यात. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओलावा भरला. ओव्हनमध्ये ११० अंशाला दोनेक तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. पांढरे दाणे रंग बदलत नाहीत, त्यांचा अंदाज लागत नाही.

मोल्ड आठवड्यातून एकदा हुकापासून सोडवून कोमट साबणपाण्यात धुवा, फुंका, रात्रभर वाळवा. मशीनला पाणी अजिबात नाही. धुताना दोन्ही एकत्र काढू नका, उजवं-डावं घोळ होतो. खुणेसाठी उजव्याला लाल, डाव्याला निळा रंग असतो.

जस्तहवा
काढलेला सेल वाटीत, टेबलावर ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर गोळी समजून गिळेल. तसं झालं तर वाट न बघता थेट रुग्णालयात.

पागोळी_लांजा
नळी पिवळी पडून कडक झाली आहे. बदलायची तर कोणती मागू?

तिसरी_घंटा
कडक झाली म्हणजे वेळ झाली, साधारण तीन ते सहा महिन्यांत बदलतात. नेहमीच्या मोल्डला बहुतेक १३ नंबरचीच नळी लागते. दमट भागासाठी आत ओलावा कमी धरणारी नळीही मिळते, तीच मागा. फक्त दुकानात "नळी" हा शब्द आधी उच्चारा. नुसतं "१३ नंबर" म्हणालात तर सेल हातात देतील, त्या १३ चा या १३ शी काही संबंध नाही.