रॅम मोकळी असूनही जावा म्हणतंय नवीन थ्रेड बनत नाही

खानापूरवाला: मंडळी, उसाच्या वजनकाट्यावर पावती काढायचा जावा प्रोग्रॅम हाय आमचा, उबुंटू 22.04, जावा 17. सकाळी झकास चालतोय आणि दुपारी ट्रॅक्टरची लाईन लागली की आउट ऑफ मेमरी, अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड म्हणून आडवा (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधी एकाच वेळी चालणारं एकेक काम). हीप, म्हणजे जावाला डेटासाठी दिलेली मेमरी, 2 जीबीचं 4 केलं तरी तेच. रॅम अर्धी मोकळी दिसते, रीस्टार्ट करून करून वैताग आलाय बघा.

टिळकवाडीकर: हीपला हात लावू नका ओ, थ्रेडचा स्टॅक, म्हणजे त्याची स्वतःची कामाची मेमरी, हीपच्या बाहेर असतोय. यूलिमिट मायनस यू, म्हणजे एका युजरला किती प्रोसेस चालवता येतात ती लिमिट, बघा, लिनक्स त्यात थ्रेडसुद्धा मोजतोय, नुसत्या प्रोसेस नाही. सिस्टमडीवर, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, सर्व्हिस असेल तर टास्क्समॅक्स ही त्याची लिमिटपण बघा. पण लिमिट वाढवायच्या आधी जेस्टॅक काढा, त्यात चालू थ्रेडची यादी येते, नावं काय दिसतात सांगा.

खानापूरवाला: पूल-3107-थ्रेड-1, पूल-3108-थ्रेड-1, असंच खालपर्यंत, सगळे वेटिंग.

निपाणीकर: सापडलं की मग! मधला आकडा पूलचा, म्हणजे थ्रेडच्या गटाचा; तुम्ही दर पावतीला न्यू फिक्स्ड थ्रेड पूल बनवताय आणि शटडाउन करत नाही, काम संपलं तरी थ्रेड तसाच बसून. पूल एकदाच बनवा, स्टॅटिक ठेवा, तोच वापरा. आमच्यात पण एकानं असंच करून ठेवलेलं, म्हणजे मीच.

खानापूरवाला: व्हय, शेतकऱ्याला एसएमएस जातोय तिथंच होतं. बदललं, संध्याकाळपर्यंत 41 थ्रेडवर थांबलंय.

टिळकवाडीकर: लिमिट वाढवली नाही ते बरं केलं, दुपारऐवजी रात्री पडला असता.