कचऱ्याचा डबा कोण भरतं, त्यांच्याशी बोला

दंड केल्याशिवाय लोक सुका कचरा वेगळा देणार नाहीत, हे मत मला पटत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून मी सुका कचरा गोळा करते. वर्गीकरण घरातच करायचं, हे घनकचरा नियमांत आहेच; पण नियमाचा कागद पुढे केला की माणूस दार लावून घेतो.

एका वेळी एकच काम सांगा, ते ऐकतात. दुधाची पिशवी घ्या. कोपरा पूर्ण कापला की तो नखाएवढा तुकडा ओल्या कचऱ्यात नाहीतर गटारात जातो, निवडताना हाताला लागतच नाही. म्हणून मी पिशवी हातात धरून दाखवते: नुसती चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू द्या, मग विसळून वाळत घाला. "काकू, ओली आली तर बाकीची रद्दीपण भिजते" एवढं कारण पुरतं.

आणि बोलायचं कुणाशी? कित्येक घरांत डबा भरतात त्या कामाच्या मावशी. नोटीस मात्र इंग्रजीत, लिफ्टमध्ये, मालकांसाठी. मावशींना कुणी सांगतच नाही, याचा मला खरंच राग येतो.

"शेवटी सगळं एकाच गाडीत जातं ना?" हा प्रश्न टाळू नका. जिथे तसं होतं तिथे हो म्हणा, आणि सुक्याची गाडी कधी येते तेही सांगा. चिप्सच्या पाकिटांचंही तसंच. त्यात प्लास्टिकला धातूचा पातळ थर चिकटलेला असतो, भंगारवाला ती घेत नाही. हे स्पष्ट सांगितलं की लोक बाटल्या-पुठ्ठे विश्वासाने देतात.