एअरब्रशने मूर्तीवर काळ्या दगडाचा दाणा कसा आणायचा?

तापीकाठचा_पेंटर, भुसावळ
राम राम मंडळी. दीड फुटी शाडूच्या गणपतीला काळ्या पाषाणाचा लूक द्यायचाय, गिऱ्हाईक त्यावरच अडून बसलंय. एअरब्रश डबल ॲक्शन (ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग), ०.३ मिमी नोझलचा. कॉम्प्रेसर बिनटाकीचा. रंग ॲक्रेलिक. प्रेशर २० वरून १० पीएसआयवर आणलं की शिंतोडे उडतात, पण कुठे भलामोठा थेंब, कुठे नुसता धूर. दाणा एकसारखा कसा पडेल?

खडकाळ_आबा, धुळे
काय भो, एकसारखा कशाला पाहिजे? आपल्याकडचा बेसाल्ट उन्हात धरून बघ. काळा म्हणतो आपण, पण असतो गडद करडा. मध्येच पांढरट ठिपके, लहानमोठे, एके ठिकाणी गर्दी तर शेजारी सफाचट. एकसारखा दाणा मारलास तर बाप्पा ओट्याच्या ग्रॅनाइटसारखा दिसेल.

आता तुझं दुखणं. प्रेशरचा काटा ट्रिगर न दाबता बघतोस ना? हवा वाहायला लागली की काटा खाली उतरतो, म्हणजे तुझे १० खरे १० नाहीतच. ट्रिगर दाबून धर आणि तेव्हा १२ च्या आसपास लाव. त्यात बिनटाकीची हवा ठोके देत येते. २० ला ते जाणवत नाहीत, १० ला लगेच दिसतात. टाकी जोडलीस तर उत्तम, नाहीतर नळी तरी लांब घे.

हवा कमी पडली की रंग नीट फुटत नाही, थेंबच उडतात. तेच हवंय आपल्याला. म्हणून रंग जरा जाड ठेव, पण मग ०.३ तुंबणार, ०.५ लाव. पहिला फटका मूर्तीवर नको, तो हमखास थुंकतो. शेजारच्या पुठ्ठ्यावर सुरू कर आणि हात न थांबवता मूर्तीवरून ने.

खाली गडद करडा, त्यावर काळे शिंतोडे, मग फिके करडे. मळकट पांढरा अगदी शेवटी, नावापुरता. चेहरा कागदाने झाक. डोळ्याजवळ एक ठिपका पडला तरी मूर्तीचा भाव बदलतो.

केळीबागेतला, रावेर
आबांचं बरोबर. माझा जुगाड वेगळा: नोझलमधून रंग सोडायचाच नाही. ताठ केसांचा ब्रश रंगात बुडवून निथळवायचा आणि एअरब्रशची नुसती हवा त्या केसांवर मारायची. ट्रिगर फक्त खाली दाबायचा, मागे ओढायचा नाही. तुंबायची भानगडच मिटली.

तापीकाठचा_पेंटर
हे आजच करून बघतो भाऊ. आबा, इथे ४४ अंश आहे, रंग सुईच्या टोकावरच वाळतोय. रंग उशिरा वाळवणारा रिटार्डर टाकू का?

खडकाळ_आबा
टाक, पण थेंबभर. जास्त झाला की ठिपके वाळत नाहीत, ओघळतात. दुपारी मारूच नको, उजाडताच बस. अंतर वीतभर ठेव. लांबून मारलंस तर बारीक तुषार हवेतच वाळतात आणि मूर्ती हाताला खरखरीत लागते. तो दाणा नव्हे, ती धूळ. वरून मॅट वार्निश दे, चकाकी आली की दगड गेला. त्या वेळी मात्र प्रेशर परत २० च्या वर ने, नाहीतर वार्निशचेही शिंतोडे पडतील.