मदत हवी आहे: ४५ एचपीचा ट्रॅक्टर, पीटीओवर ३८ च! बाकीचे गेले कुठे?

ऊसवाला:
नवा ट्रॅक्टर आहे. कॅटलॉगात ४५ एचपी. काल वर्कशॉपमध्ये पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला) डायनो (ताकद मोजायचं मशीन) लावला तर ३८ च आले. वर टॉर्क (फिरवण्याचा जोर) ५०० न्यूटन मीटर दाखवतोय, कॅटलॉगात इंजिनचा १६० आहे. टॉर्क तिप्पट आणि एचपी कमी? डायनो बिघडलाय की ट्रॅक्टर? सोमवारी शोरूमला जाऊन भांडणार आहे. लवकर सांगा.

काळी माती:
मॉडेल कोणतं? ४५ एचपी किती आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) लिहिलेत? आणि डायनो लावला तेव्हा इंजिन किती आरपीएमवर होतं?

नोझल:
इंजिनात डिझेल फवारणारं नोझल काढून साफ करा. माझ्या ट्रॅक्टरला असाच जोर कमी होता, नोझल बदलल्यावर फरक पडला.

गिअरवाले काका:
नव्या गाडीचं नोझल खोलू नका हो, वॉरंटीचा वाद होईल. डायनोही ठीक आहे. गिअरने फेऱ्या कमी झाल्या की टॉर्क तेवढ्या पटीत वाढतो, एचपी वाढत नाही. पीटीओ ५४० फेऱ्यांवर धरला तर ५०० गुणिले ५४० भागिले ७१२१ (एचपी काढायचा ठरलेला आकडा), झाले ३८. डायनो टॉर्क आणि फेऱ्याच मोजतो, एचपी हिशोबाने निघतो.

ऊसवाला:
कॅटलॉगात २००० ला ४५. डायनोवर १८०० ठेवलं होतं, वर्कशॉपवाला म्हणाला पीटीओचे ५४० तिथेच येतात. त्याने काय होतं?

गिअरवाले काका:
त्यानेच सगळं होतं, दादा! ४५ चा आकडा २००० चा, तुम्ही मोजलंत १८०० ला. तिथे इंजिनचा टॉर्क किती ते आलेखात बघून सांगा.

विदर्भ शेती:
चाकाची घसरण कोणीच धरत नाहीये. काळ्या रानात १०-१५ टक्के तिथेच जातात. मागच्या चाकांत पाणी भरा.

काळी माती:
घसरण नांगराला लागते. डायनोवर चाकं जागेवरच असतात, तिचा इथे काय संबंध?

विदर्भ शेती:
शेतात तर नांगरच ओढायचा आहे ना? मग नुसत्या पीटीओच्या आकड्याचं काय करायचं?

ऊसवाला:
आलेखात १८०० ला टॉर्क १६५ आहे.

गिअरवाले काका:
मग १६५ गुणिले १८०० भागिले ७१२१, म्हणजे इंजिनवर साधारण ४२ एचपी. त्यातले ३८ पीटीओवर आले. गेले ९ टक्के: गिअरचं घर्षण, गिअर ऑइल घुसळण्यात जाणारी ताकद, आणि लिफ्ट वापरा न वापरा, सतत फिरणारा हायड्रॉलिक पंप. ऑइल थंड असेल तर आणखी जातात. हे नेहमीचंच आहे, यावर भांडायला जाऊ नका.

रोटाव्हेटर प्रेमी:
३८ वर सहा फुटी बिनधास्त घ्या, गिअर ड्राइव्हवालाच. चेनवाला नको.

ऊसवाला:
रोटाव्हेटरचं विचारलंच नाही. शोरूमवाला विकताना म्हणाला होता, पीटीओवर ४२ मिळतील. ते खोटंच ना?

काळी माती:
इंजिनचे ४२ सांगितले की पीटीओचे? लेखी असेल तरच बोलता येईल. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते, अहवालात पीटीओची ताकद आणि ओढण्याची ताकद वेगवेगळी देतात. तुमच्या मॉडेलचा अहवाल मागा आणि त्यातला ५४० फेऱ्यांचा आकडा तुमच्या ३८ शी ताडून बघा. इंजिनच्या २००० फेऱ्यांच्या ओळीवर बोट ठेवू नका.

नोझल:
तरी एकदा नोझल बघून घ्याच.