एकाच राशीत सुरकुतलेला दाणा आणि पांढरे ठिपके : दोष हवामानाचा की माझा?

प्रश्न (सेलू, जि. परभणी) : यंदा बन्सी (कठीण दाण्याचा, ड्युरम प्रकारचा) गहू दोन तुकड्यांत घेतला. सोयाबीन निघालेल्या दोन एकरांत नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणी झाली. पऱ्हाटी (कापूस) उपटलेल्या एकरात मात्र २० डिसेंबर उजाडला. मळणीनंतर रास एकत्रच केली. मोंढ्यात आडत्याने मूठभर दाणे तळहातावर पसरले आणि दोन खोडी काढल्या : काही दाणे सुरकुतलेले आहेत, आणि जे टपोरे आहेत त्यांच्या अंगावर पांढरट ठिपके आहेत. भाव अर्थातच पडला. युरिया सगळा पेरणीसोबत दिला होता आणि पाणी पाच वेळा दिले होते. चूक नेमकी कुठे झाली असावी?

उत्तर १ (परभणी) : या दोन खोडींचे मूळ एक नाही. ठिपक्याचा दाणा ब्लेडने आडवा कापून पाहावा. चांगला बन्सी आतून काचेसारखा, मधाच्या रंगाचा दिसतो, तर ठिपक्याच्या जागी तो खडूसारखा पांढरा आणि पिठाळ असतो. दाणा भरताना नत्र कमी पडले की प्रथिने कमी बनतात आणि हा दोष येतो. पेरणीसोबत दिलेला सगळा युरिया, वरून भरपूर पाणी मिळालेल्या जमिनीत, ओंबी येईपर्यंत टिकत नाही. म्हणूनच वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस असली, तरी त्यातले निम्मे पेरणीला आणि निम्मे सुमारे तीन आठवड्यांनी द्यायचे असते.

सुरकुतलेले दाणे बहुधा पऱ्हाटीच्या एकरातले असावेत. उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा मार्चच्या उन्हात भरतो. पारा ३० अंशांच्या वर राहिला की स्टार्च साठण्याची क्रिया मंदावते, पीक घाईने पिकते आणि दाणा अर्धवट राहतो. गंमत अशी, की स्टार्च कमी बसल्यामुळे अशा दाण्यात प्रथिनांचे प्रमाण उलट जास्त दिसू शकते, पण मोंढ्यात ते कोण मोजतो!

उत्तर २ (हिंगोली) : पावसाचे नाव कोणी घेतले नाही. मार्च २०२३ च्या अवकाळीत माझा कापलेला गहू शेतात तीन दिवस भिजत पडला होता. वाळल्यावर दाणा दिसायला भरलेला होता, पण चकाकी गेली, काही ओंब्यांत मोड आले, पोळीची कणीक हाताला चिकटू लागली आणि कुरडयांचा चीकही घट्ट होईना. मोड येताना दाण्यातला स्टार्च फुटू लागतो, हे नंतर समजले. तेव्हापासून आभाळ भरून आले की कापणी थांबवतो, आणि कापलेला गहू ताडपत्रीखाली नेल्याशिवाय घरी जात नाही.

प्रश्नकर्ता : ब्लेडने दाणे कापून पाहिले, ठिपक्यांची जागा खरोखर खडूसारखी निघाली. आमच्याकडे पाऊस झाला नव्हता. पऱ्हाटीनंतर पुढच्या वर्षी गहूच घ्यावा का?

उत्तर १ : पऱ्हाटी डिसेंबरच्या मध्यापर्यंत निघत नसेल, तर बन्सी टाळावा. गहूच हवा असेल, तर एनआयएडब्ल्यू ३४ हा उशिरा पेरणीसाठी शिफारस केलेला सरबती (पोळीच्या साध्या गव्हाचा) वाण बघावा. पाणी तीनच वेळा देता येत असेल, तर ते पेरणीनंतर २१, ४२ आणि ६५ दिवसांच्या आसपास द्यावे. शिवाय दोन्ही तुकड्यांची रास वेगवेगळी ठेवावी. यंदा टपोऱ्या दाण्याचाही भाव सुरकुतलेल्याने खाल्ला.