बेस गिटार वाजवणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं?

जुळेसोलापूरकर: दिवाळी अंकासाठी क्वीन बँडवरचा इंग्रजी लेख मराठीत करतोय. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथपर्यंत सुरळीत. १९७१ मध्ये बँडमध्ये बेस गिटार वाजवायला जॉन डीकन आला आणि अडलो. मी 'खर्जवादक' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'पायावादक' केलं, कारण बेस म्हणजे पाया! बाबांनी विचारलं, "पायानं वाजवतो का बे?"

शेंगाचटणी: खर्जच बरोबर. आजोबा भजनात "जरा खर्जात घे" म्हणायचे.

तानपुरा: खर्ज हे षड्जाचंच रूप, म्हणजे मुळात सा. हा माणूस सा धरून बसत नाही, गाणं वळेल तसा सूर बदलतो. त्याच्या चार तारा साध्या गिटारच्या जाड चार तारांच्या एक सप्तक खाली. खालचं सप्तक म्हणजे मंद्र, तर 'मंद्रवादक' म्हणा.

शेंगाचटणी: मंद्रवादक! बिचारा मंद वाटतो.

पार्कचौक: मी साऊंडचं काम करतो. "मंद्र वाढव" म्हणालो तर ऑपरेटर मलाच मंडपाबाहेर काढेल. मागं एका वरातीत बेसचा डबा बंद पडला. गाणं चालू, गायक ओरडतोय, पण पोरांचे पाय थांबले. सगळी वळून माझ्याकडं बघायला लागली. बेसवाल्याचं काम तेवढंच. असला की कळत नाही, नसला की कळतं.

तानपुरा: म्हणजे तबल्यातला डग्गा.

जुळेसोलापूरकर: डग्गा ठेका सांभाळतो, पण डग्ग्याची चाल कुणी गुणगुणतं का? 'अनदर वन बाइट्स द डस्ट' (१९८०) आठवा. एकाच सुरावरचे ते तीन ठोके ऐकले की गाणं ओळखतं. ते गाणं डीकननंच लिहिलंय. त्याला डग्गा म्हणून कसं भागेल?

पार्कचौक: मग 'बेसवाला' लिही की.

जुळेसोलापूरकर: दिवाळी अंकात 'वाला'?

तानपुरा: टांगेवाला चालतो, बेसवाला का नाही? माझी हरकत 'बेस'ला आहे. परका शब्द.

शेंगाचटणी: परका कसला! आजी आमटी चाखून "बेस झाली" म्हणायची. इंग्रजांनी आपल्याकडून नेला असणार.

तानपुरा: अहो, तो फारसी 'बेश'. हा गिटारचा बेस 'खालचा' या अर्थाचा, इटालियन 'बासो'च्या कुळातला. पाया म्हणजे बेस, तो तिसराच. तुमचे संपादक तिथंच घसरले.

शेंगाचटणी: फारसीचा परका नाही, इटालियनचा तेवढा परका? हे बरंय.

पार्कचौक: आणि आजी 'बेस' नाही, 'ब्येस' म्हणत असेल.

शेंगाचटणी: आजी माझी. बेसच म्हणायची.

जुळेसोलापूरकर: माझी 'झ्याक' म्हणायची. पण डीकनचं काय करू?

पार्कचौक: झ्याक आमटीला नाही म्हणत. झ्याक कपड्याला.