आईच्या तळपायाची जखम अडीच महिने भरत नाहीये

प्रश्न: आईला मधुमेह आहे. अंगठ्याखाली नखाएवढी जखम, कडा पांढऱ्या, जाड. रोज ड्रेसिंग करते, तरी तश्शीच. दुखत नाही म्हणून ती घरभर चालते. कुणाला दाखवू?

उत्तर: ताई, दुखत नाही हीच काळजीची गोष्ट, नसा बधिर झाल्या असतील. 4 आठवड्यांत जखम निम्मीही भरली नाही तर तज्ज्ञाकडे न्यायलाच हवं. बाबांच्या वेळी आम्ही मलमं बदलण्यातच दिवस घालवले. तज्ज्ञांनी आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून पायाचा रक्तपुरवठा पाहिला, मग कडेची कातडी काढली. खरा फरक पडला पायावरचा भार काढल्यावर. गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं.

उत्तर: पाय लाल, गरम झाला, वास किंवा ताप आला तर त्याच दिवशी न्या.

प्रश्नकर्ती: आत्ताच पाहिलं, लाली नाही. उद्या सकाळीच नेते. तोवर तिला चालू देत नाही.